वीस पानांचा हिशेब

या महिन्याच्या टपालात नव्या सुपरहिरो कॉमिक्सच्या अंकांचेच प्रश्न जास्त आहेत. परीक्षण कसं लिहावं, कोणता अंक घ्यावा, घेतलेला पावसाळ्यात कसा टिकवावा. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही सात-आठ जण दर महिन्याला एक नवा सुपरहिरो अंक वाचतो आणि प्रत्येकानं त्याचं परीक्षण लिहायचं असा नियम आहे. पण सगळ्यांची परीक्षणं सारखीच होतात. अर्धं पान गोष्ट आणि शेवटी 'चित्रं छान'. यापुढे कसं जायचं? (कोल्हापूर)

उत्तर : गोष्टीला तीन वाक्यांची मर्यादा घाला आणि ती मोडू नका. परीक्षण वाचणाऱ्याला अंक घ्यावा की नाही एवढंच ठरवायचं असतं. गोष्ट त्याला अंकातून हवी असते, तुमच्याकडून नको असते. उरलेली जागा पानांना द्या. अमेरिकन मासिक अंकात गोष्टीची साधारण २० पानं असतात. पानाला पाच-सहा चौकटी धरल्या तर शंभर-सव्वाशे चौकटी झाल्या, आणि त्या पाच जणांच्या हातांखालून गेलेल्या असतात : लेखक, पेन्सिल करणारा, शाई करणारा, रंग भरणारा आणि फुगे-अक्षरं बसवणारा. (पेन्सिल आणि शाई हल्ली बरेचदा एकाचकडेच असते.) 'चित्रं छान' म्हटलं की त्यातल्या चौघांचा निकाल दोन शब्दांत लागला.

अंक तीनदा वाचा. पहिल्यांदा सलग, हातात पेन न घेता. दुसऱ्यांदा फुगे न वाचता नुसती चित्रं बघा आणि कागदावर पानागणिक चौकटींचा आकडा लिहीत जा. ६, ५, ६, १, ४, ९, ९, २ अशी ओळ तयार होते. हा अंकाचा ठेका. जिथे १ आला तिथे पानभर चित्र आहे, म्हणजे करणाऱ्यांनी विसातलं एक अख्खं पान त्या क्षणावर खर्च केलं. तो क्षण तेवढ्या मोलाचा होता का? नायक छपरावर उभा आहे आणि केप उडतेय, एवढ्यासाठी तीन पानं गेली असतील तर तसं लिहा. वाचकाचे पैसे त्या तीन पानांतही गेलेले असतात. जिथे ९ आले तिथे वेळ बारीक चिरलेला असतो. एखादी उलटतपासणी, बॉम्बचे शेवटचे सेकंद, झटक्याझटक्याची मारामारी. तिथे वाचताना दम लागायला हवा. जांभई आली तर आकड्याचा आणि प्रसंगाचा मेळ बसलेला नाही.

मारामारी तपासायला बाजू बघा. पहिल्या चौकटीत नायक डावीकडे आणि शत्रू उजवीकडे असेल, तर पुढे कारणाशिवाय ही बाजू बदलता कामा नये. बदलली की ठोसा कुणी कुणाला लगावला हे कळायला डोळा अडखळतो, आणि वाचकाला वाटतं की आपलंच लक्ष नव्हतं. दुसरी खूण पार्श्वभूमीची. पहिल्या दहा पानांत खिडक्या, गल्ल्या, गच्चीवरच्या टाक्या आणि शेवटच्या पाच पानांत नुसते रंगाचे पट्टे, असं असेल तर मुदत अंगावर आली होती. चित्रकाराला दिवसाला एक पान हा चांगला वेग म्हणायचा. वीस पानं म्हणजे जवळजवळ कामाचा अख्खा महिना. म्हणूनच श्रेयनामावलीत दोन चित्रकार दिसले की हात कोणत्या पानावर बदलला ते शोधा. चेहऱ्यांवरून कळलं नाही तर हातांची बोटं आणि कपड्यांच्या चुण्या बघा, तिथे चोरी लपत नाही.

मग पान उलटण्याची जागा. पहिलं पान उजवीकडे येतं, त्यामुळे दुसरं आणि तिसरं समोरासमोर पडतात. जाणता लेखक धक्का डाव्या पानावर ठेवतो, कारण ते पान उलटल्याशिवाय दिसत नाही. उजव्या पानावर ठेवलेला धक्का डावं पान वाचतानाच डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसून जातो. मधे जाहिराती आल्या की पानांचे आकडे सरकतात, म्हणून आकड्यापेक्षा प्रत्यक्ष डावं-उजवं बघा.

तिसरं वाचन फक्त फुग्यांचं, आणि याच बाबतीत बहुतेक परीक्षणं गप्प असतात. फुग्याची शेपटी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे जाते का? आधी बोलणारा डावीकडे काढलाय का? नसेल तर लेटररला, म्हणजे फुगे-अक्षरं बसवणाऱ्याला, शेपट्या एकमेकींवरून ओढाव्या लागतात. तसं झालं तर चूक त्याची नाही, चित्रातली आहे. एका फुग्यात २५ शब्दांच्या वर मजकूर गेला की तो वाचला जात नाही, नुसता ओलांडला जातो. इंग्रजी अंकात आणखी एक बारीक गोष्ट बघा. 'आय' या अक्षराला वर-खाली आडव्या दांड्या फक्त 'मी' या अर्थी देतात, शब्दाच्या आत साधी उभी रेघ असते. हे चुकलेलं दिसलं तर अक्षरं घाईत किंवा नवख्या हातानं बसवली आहेत असं समजायला हरकत नाही.

जाता जाता : इंग्रजी कॉमिक्समध्ये अक्षरं बहुधा मोठ्या (कॅपिटल) लिपीत असतात, म्हणून ओळी एकमेकींना खेटून बसतात. देवनागरीत वर वेलांट्या, मात्रा आणि रफार, खाली उकार. तोच फुगा, पण त्यात पाचाच्या जागी जेमतेम चार ओळी. भाषांतरित मराठी कॉमिक्समधले फुगे गुदमरल्यासारखे वाटतात ते भाषांतरकारामुळेच असतं असं नाही. अक्षरांचं काम ऐन रंगात बघायचं असेल तर डीसी प्रकाशनाची २०२१ची 'द स्वाम्प थिंग' मालिका काढा. लेखन मुंबईत वाढलेल्या राम व्ही. यांचं आणि अक्षरं आदित्य बिडीकर यांची आहेत.

आता हे सगळं वाक्यात कसं आणायचं? 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन' घ्या (ऑक्टोबर २०२४पासून, लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार निक ड्रॅगोटा, रंग फ्रँक मार्टिन). 'चित्रं दमदार आहेत' यातून कुणालाच काही मिळत नाही. त्याऐवजी असं लिहून बघा : 'या बॅटमॅनकडे वाड्याची इस्टेट नाही. तो शहरात इंजिनियर म्हणून काम करतो. त्यामुळे त्याच्या अंगावरची प्रत्येक वस्तू हत्यार म्हणून वापरात येते. छातीवरचं वटवाघूळ शोभेचं नाही, ते निघतं आणि कुऱ्हाडीचं पातं होतं. ड्रॅगोटा त्याचे खांदे इतके रुंद काढतो की चौकटच अपुरी पडते.' चार-पाच वाक्यांत वाचकाला गोष्टही कळली, चित्रही दिसलं आणि दोघांचा संबंधही. मग तुम्हाला हा बॅटमॅन आवडला नाही, फार बोजड वाटला, असं पुढे म्हटलंत तरी ते मत आधारावर उभं राहतं.

दहापैकी गुण देण्याचा सोस असेल तर पहिल्या अंकाला देऊ नका. पाच-सहा अंकांच्या कथेचा पहिला अंक म्हणजे नाटकातला पहिला प्रवेश. तिसऱ्या अंकानंतर गुण द्या आणि पहिल्या परीक्षणातलं काय चुकलं तेही प्रांजळपणे लिहा.

प्रश्न : छापील अंक परवडत नाहीत. फोनवर वाचून परीक्षण लिहिलं तर चालेल का? (नांदेड)

उत्तर : वाचायला चालेल, परीक्षणाला अर्धवट चालेल. फोनवर बहुतेक जण एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय वापरतात. त्यात गोष्ट कळते, पण पान म्हणून जे रचलंय ते दिसतच नाही. 'अ‍ॅब्सोल्यूट वंडर वूमन'मध्ये चित्रकार हेडन शर्मननं पानाचा आराखडाच गोष्टीला जुंपलेला असतो. तो एकेक चौकट करून वाचणं म्हणजे गालिचा दोरा-दोरा बघणं. निदान एकदा पूर्ण पान पडद्यावर आणून अंक चाळा. छापील पानाचा कर्ण साधारण १२ इंच असतो, म्हणजे १०-११ इंची टॅबवर पान थोडंच लहान दिसतं. जोडपानासाठी (समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं एकच चित्र) टॅब आडवा करावा लागतो आणि तेव्हा चित्र निम्म्याच्या आसपास येतं, हे लक्षात घेऊनच मत बनवा.

मार्व्हलच्या मासिक वर्गणीच्या अ‍ॅपवर नवा अंक छापील अंकानंतर तीन महिन्यांनी येतो. परीक्षण ताजंच असलं पाहिजे असा हट्ट नसेल तर एवढा उशीर काही वाईट नाही. तोवर गोंगाट शमलेला असतो.

प्रश्न : 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा पहिला अंक म्हणून घेतला, तर आत सगळे जण एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात! पहिला अंक नेमका किती वेळा निघतो? (ठाणे)

उत्तर : ही मालिका १९६३ची. १९९९मध्ये तिला पुन्हा १ क्रमांक दिला, २००३मध्ये जुनी मोजणी धरून ५०० क्रमांकाचा अंक काढला, आणि नंतर २०१४, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५ इतक्या वेळा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कारण साधं आहे. १ आकडा पाहिला की नवा वाचक हात घालतो आणि दुकानदारही जास्त प्रती मागवतो. मार्व्हल मुखपृष्ठावर 'एलजीवाय' (लेगसी) अशा खुणेनं बारीक अक्षरात मूळ मोजणी देतं, ती बघत जा. २०२२च्या मालिकेतला ६ क्रमांकाचा अंक म्हणजेच मूळ मोजणीतला ९००वा. डीसीनं 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'ला २०११मध्ये १ दिला, २०१६मध्ये ९५७ वर परत आणलं आणि एप्रिल २०१८मध्ये १००० गाठला.

त्यामुळे 'पहिला अंक' हे काही खात्रीचं दार नाही. नव्या माणसाला आत शिरायचं तर ज्या मालिकांचं विश्वच कोरं करून सुरुवात केली आहे त्या घ्या : डीसीची 'अ‍ॅब्सोल्यूट' माला, किंवा मार्व्हलच्या नव्या 'अल्टिमेट' मालेतला जानेवारी २०२४चा 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' (लेखक जोनाथन हिकमन, चित्रकार मार्को केकेटो). त्यात पीटर संसारी आहे, दोन मुलांचा बाप आहे आणि स्पायडर-मॅन होणं त्याच्या वाट्याला उशिरा येतं. चाळिशीकडे झुकलेल्या वाचकांना हा अंक विशेष लागू पडतो, असं आमचं निरीक्षण आहे.

प्रश्न : दुकानदार 'पहिली छपाई' म्हणून जास्त पैसे मागतो. खरं-खोटं कसं ओळखायचं? (पुणे)

उत्तर : मागच्या किंवा पुढच्या कव्हरावरचा बारकोड बघा. मोठ्या बारकोडशेजारी पाच आकड्यांची छोटी पट्टी असते. तिचे पहिले तीन आकडे म्हणजे अंकाचा क्रमांक, चौथा म्हणजे कव्हर कितवं आणि पाचवा म्हणजे छपाई कितवी. ००१११ असेल तर अंक १, मुख्य कव्हर, पहिली छपाई. ००१२१ म्हणजे तोच अंक, पहिलीच छपाई, पण दुसरं कव्हर. ००११२ असेल तर दुसरी छपाई, मग दुकानदार शपथ का घेईना. शेवटच्या दोन आकड्यांचा घोटाळा सगळ्यात जास्त होतो. २१ बघून लोक 'दुसरी छपाई' समजतात आणि १२ बघून 'दुसरं कव्हर'. खात्रीसाठी आतल्या बाजूचा बारीक टाइपातला मजकूर वाचा, पुनर्छपाई असेल तर तिथे बहुधा तसं लिहिलेलं असतं.

'पहिली छपाई संपली' ही बातमी ऐकून धावत सुटू नका. तिचा अर्थ वितरकाच्या गोदामात प्रती उरल्या नाहीत एवढाच असतो, दुकानांत त्या पडलेल्या असू शकतात. अमेरिकेतली कॉमिक्सची दुकानं बरेचसे अंक परत न करण्याच्या बोलीवर घेतात. त्यामुळे ती आठवडे आधी अंदाजानं मागणी नोंदवतात, कधी अंदाज कमी पडतो आणि पुन्हा छापावं लागतं. 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन'चा पहिला अंक असा पुन्हा पुन्हा छापला गेला. वाचायला तिसरी छपाई आणि पहिली छपाई यांत तसूभर फरक नसतो.

प्रश्न : जुन्या बाजारात १२ सेंट किंमत छापलेला 'अमेझिंग फँटसी'चा १५वा अंक मिळाला. लॉटरी लागली का? (नाशिक)

उत्तर : बारकोड आहे का? असेल तर नाही. कॉमिक्सवर बारकोड आले १९७६मध्ये आणि स्पायडर-मॅन पहिल्यांदा दिसला तो हा अंक १९६२चा आहे. जुन्या जाहिरातींसकट जशाच्या तशा काढलेल्या प्रती प्रकाशक स्वतःच विकतात आणि तो उघड व्यवहार आहे. बारकोड नसेल तर कागद बघा. त्या काळचा अंक वर्तमानपत्री कागदाचा, कडेनं पिवळट-तपकिरी पडलेला आणि आजच्या अंकापेक्षा थोडा रुंद असतो. आतली पानं पांढरीशुभ्र आणि गुळगुळीत असतील तर शांतपणे वाचायला घ्या. रंग भडक वाटतील, कारण ते शोषणाऱ्या कागदासाठी ठरवले होते. चकचकीत कागदावर तेच रंग अंगावर येतात.

प्रश्न : १:२५ कव्हर म्हणजे काय? घ्यावं का? (डोंबिवली)

उत्तर : दुकानदारानं साध्या कव्हरच्या २५ प्रती घेतल्या तर त्याला हे एक घेता येतं. जास्तीची किंमत त्यातल्या न खपलेल्या प्रतींची असते, चित्राची नव्हे. चित्रकार आवडता असेल तर घ्या. आतली पानं तीच.

प्रश्न : सुटे अंक घ्यावेत की पुस्तक निघेपर्यंत थांबावं? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : सुटा अंक साधारण ३.९९ ते ४.९९ डॉलरचा. सहा अंकांचे २४ ते ३० डॉलर होतात, आणि तेच सहा अंक एकत्र केलेलं कागदी बांधणीचं पुस्तक, ज्याला ट्रेड म्हणतात, त्यापेक्षा स्वस्तात पडतं. वर टपालखर्च एकदाच. त्यामुळे ज्या मालिकेत तुमचा जीव गोष्टीत अडकलाय तिच्यासाठी ट्रेड. दर महिन्याला भांडायला, अंदाज बांधायला मित्र असतील तर सुटे अंक. ती मजा ट्रेडमध्ये येत नाही, कारण तिथे पान उलटलं की उत्तर हजर.

डीसीनं २०२४पासून ९.९९ डॉलरची छोट्या आकाराची पुस्तकं काढली आहेत, साडेपाच बाय साडेआठ इंचाची. खिशाला बरी, पण मूळ पानाची रुंदी सुमारे ६.६ इंच असते, म्हणजे चित्र आणि अक्षरं साधारण एक-षष्ठांशानं लहान होतात. मोकळ्या, ठळक रेघांच्या कामाला ते सोसतं. पानाला नऊ चौकटी आणि बोलघेवडे फुगे असतील तर चाळिशीचा चश्मा लागतो. जाड ऑम्निबसची, म्हणजे खूप अंक एकत्र बांधलेल्या ग्रंथाची, अडचण वेगळी. हजार पानांच्या पुस्तकाच्या मधोमध जोडपान आलं की दोन्ही पानांच्या मधला भाग कण्यात गडप होतो, आणि नेमका तिथेच नायकाचा चेहरा असतो. घेण्याआधी पुस्तक मधे उघडून सपाट पडतं का ते बघा. शिवून बांधलेलं बहुधा पडतं, नुसतं चिकटवलेलं पडत नाही.

प्रश्न : सिनेमात मुंबईसारख्या शहरातला भारतीय स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर बघितला. त्याचा मूळ अंक कोणता? त्यावर लिहायचं आहे. (दादर)

उत्तर : मूळ मालिका २००४ची, चार अंकांची. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांची. गावाकडून मायाआत्या आणि भीमकाका यांच्याबरोबर मुंबईत आलेला मुलगा, धोतर नेसणारा स्पायडर-मॅन, शक्ती देणारा योगी आणि ग्रीन गॉब्लिनच्या जागी राक्षस. २०२३च्या सिनेमातला पवित्र यापेक्षा बराच वेगळा आहे. त्याच वर्षी निकेश शुक्ला आणि अभिषेक मालसुनी यांची पाच अंकांची नवी मालिकाही आली. तिन्ही एकत्र करून लिहू नका, पात्राचं नाव सोडलं तर सांधे जुळत नाहीत.

लिहिताना मुंबईकर वाचक म्हणून तुमच्याकडे एक हत्यार आहे, ते वापरा : शहर खरं वाटतं का? दुकानांच्या पाट्या, इमारतींची उंची, गर्दीतल्या माणसांचे कपडे. जाळं टाकायला दोन उंच इमारतींमधलं अंतर किती लागेल आणि चाळींच्या वस्तीत तो काय करेल? न्यूयॉर्कच्या उभ्या रस्त्यांवर बेतलेली हालचाल जशीच्या तशी उचललीय की शहराप्रमाणे बदललीय? नावाबद्दल म्हणाल तर ते 'पीटर पार्कर'च्या आवाजावर बेतलंय. मराठी कानाला मात्र 'पवित्र प्रभाकर' हे नाव आणि वडिलांचं नाव वाटतं, आणि आडनाव कुठे गेलं असा प्रश्न पडतो.

प्रश्न : परीक्षणात शेवट किती दिवस लपवायचा? (पणजी)

उत्तर : नवे अंक अमेरिकेत बुधवारी दुकानात येतात. आपल्याकडे छापील प्रत हातात पडायला आठवडे जातात, तेव्हा मराठीत लिहिताना महिना तरी शेवट झाकून ठेवा. आणि शीर्षकात तर कधीच फोडू नका. मजकूर न वाचता निघून जाता येतं, शीर्षक मात्र डोळ्यात घुसतंच.

प्रश्न : आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना पाणी सुटतं. दोनशे अंक आहेत. मागच्या पावसात काहींना लाटा आल्या, दोन-तीन अंकांची पानं चिकटली, एकात कसर निघाली. (रत्नागिरी)

उत्तर : तिन्हींची कारणं वेगळी आहेत, म्हणून एकेक घेऊ.

लाटा येतात त्या दमटपणामुळे आणि अंक तिरके उभे राहिल्यामुळे. प्रत्येक अंकाला पॉलिप्रॉपिलीनची पिशवी आणि मागे आम्लमुक्त पुठ्ठा द्या. आजच्या अमेरिकन अंकाला ६ ७/८ बाय १० १/२ इंचाची पिशवी लागते, जुन्या अंकांना त्याहून रुंद. मराठी आणि हिंदी कॉमिक्सचे आकार वेगळे, ते मोजा आणि रुंदीत पाव इंच जास्त धरा. घट्ट पिशवीत अंक सरकवताना कोपराच आधी मोडतो. पुठ्ठ्याची चकचकीत बाजू अंकाकडे. स्टेशनरीच्या दुकानातली जाड, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं अजिबात नकोत. ती पीव्हीसीची असतात, काही वर्षांत चिकट होतात आणि छपाई ओढून घेतात.

अंक उभे ठेवा, खोक्यात दोन बोटं शिरतील एवढीच ढिलाई ठेवा. ढिलाई जास्त झाली तर अंक वाकतात, कमी झाली तर काढताना कडा फाटतात. खोकं जमिनीवर नको आणि बाहेरच्या भिंतीला टेकूनही नको. भिंतीपासून वीतभर पुढे, लाकडी फळीवर ठेवा. कागदाला हवेत ४० ते ५० टक्के आर्द्रता मानवते, कोकणात पावसाळ्यात ती ८०-९० टक्क्यांवर जाते. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल ठेवा, दोनशे अंकांना ५० ग्रॅमच्या चार-पाच पुड्या. पण डबा रोज उघडलात तर बाहेरची ओल आत येऊन जेल आठवड्यात भरतं. रंग बदलणारं जेल असेल तर नारिंगीचं हिरवं झालं की ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरा. त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. आणि डबा भर पावसात भरू नका, कोरड्या दिवशी दुपारी भरा. नाहीतर ओलीलाच आत कोंडून ठेवाल.

पानं चिकटतात ती चकचकीत कागदामुळे. त्यावरचा मातीचा लेप भिजला की गोंदासारखा होतो आणि वाळताना दोन पानांचं एक होतं. एकदा वाळला की सुटत नाही. म्हणून अंक भिजला तर त्याच तासाला, ओला असतानाच, प्रत्येक दोन पानांमध्ये बटर पेपर घाला आणि पंख्याखाली आडवा ठेवा. बटर पेपर दर दोन-तीन तासांनी बदला. उन्हात ठेवू नका, इस्त्री फिरवू नका. तेवढा वेळ नसेल तर ओला अंक पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका, तिथे तो थांबून राहतो आणि सवडीनं एकेक काढता येतो. तुमच्या आधीच चिकटलेल्या पानांत सुरी घालू नका, मजकुरासकट थर निघेल.

कसर निघालेला अंक आधी इतरांपासून दूर करा. झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा, दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका. बाहेरची वाफ पिशवीवर जमली पाहिजे, अंकावर नव्हे. डांबराच्या गोळ्या खोक्यात टाकायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडा. त्यांची वाफ प्लास्टिकवर बसते आणि वास अंकातून वर्षानुवर्षं जात नाही. कसरीला ओल आणि खळ आवडते. ओल काढलीत तर निम्मं काम झालं.

प्रश्न : वडिलांच्या ट्रंकेत मराठी इंद्रजाल कॉमिक्स सापडली. वेताळाला (फँटमला) सुपरहिरो म्हणायचं का? आणि पिना गंजल्या आहेत, काढू का? (सांगली)

उत्तर : इंद्रजाल १९६४ ते १९९० या काळात निघालं. वेताळाकडे अलौकिक शक्ती नाही, तेव्हा काटेकोर व्याख्येत तो बसत नाही. पण अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा ही सुपरहिरोंची वेशभूषा त्यानं आधी घातली. तो वर्तमानपत्रात आला १७ फेब्रुवारी १९३६ला, सुपरमॅन बाजारात आला एप्रिल १९३८मध्ये. आमच्या मते परीक्षणात त्याला 'सुपरहिरोंचा थोरला चुलता' म्हणून मोकळं व्हावं.

पिनांचं मात्र सावधपणे घ्या. गंज नुसता पृष्ठभागावर असेल आणि कागदावर डाग उतरला नसेल तर हात लावू नका, अंक कोरड्या जागी ठेवा एवढंच पुरे. डाग उतरला असेल तर पिनेभोवतीचा कागद पापडासारखा झालेला असतो. अशा वेळी अंक मधल्या पानावर उघडून सपाट ठेवा. पिनेची दोन्ही टोकं आतल्या बाजूला वळलेली दिसतील. बोथट, पातळ पट्टीनं एकेक टोक उभं करा, पट्टी आणि कागद यांच्यात जाड कागदाचा तुकडा ठेवायला विसरू नका. मग अंक बंद करून कण्याच्या बाजूनं पीन सरळ बाहेर ओढा. टोक उभं न करता ओढलीत तर भोकाच्या जागी खिडकी पडेल. पुन्हा पीन मारू नका. पानं क्रमानं ठेवून पिशवी आणि पुठ्ठ्यात घाला, आणि पुठ्ठ्यामागे चिठ्ठी टाका : पिना काढल्या, अमुक महिना, अमुक साल. पुढे कुणाला अंक दिलात तर त्याला पानं मोजून घेता येतील.